जांभळा दोरा

नागपुरात नवीन काही शोधून काढणं फारसं कठीण नाही. इथला उन्हाळाच असा, की दुपारभर घरात कोंडून घेतलेल्या माणसाला डोकं चालवण्याखेरीज दुसरा उद्योग नसतो. कठीण आहे ते शोधलेलं दुसऱ्याच्या गळी उतरवणं, आणि तो दुसरा म्हणजे शहराचं पाणी खातं असेल तर विचारूच नका.

मधुकररावांची नोकरीच ती होती. रामदासपेठेतल्या एका भाड्याच्या बंगल्यावर ‘नवउद्योग सहाय्य केंद्र’ अशी पाटी होती. कुणा मिस्त्रीने, कुणा छोट्या कारखानदाराने पाण्यासाठी काही नवं बनवलं की ते तिथे आणायचं, आणि मधुकररावांनी ते पाणी खात्याच्या दारात नेऊन उभं करायचं. काटोलकडच्या शेतकरी घरातला हा माणूस, चिकाटी रक्तातच होती. काथ्याची गाळणी नेली, आपोआप बंद होणारा नळ नेला, जमिनीखालची गळती ऐकायची नळी नेली. खात्यातले वामनराव ओव्हरसियर प्रत्येक वेळी एकच विचारत, “हे आधी कोणत्या शहरात चाललंय?”

“कुठेच नाही. नवीन आहे.”

“मग आधी कुठे तरी चालू द्या. मग आम्ही बघतो.”

अमरावतीचे तेच म्हणत, अकोल्याचेही तेच. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, त्यातली गत. मधुकरराव घरी येऊन बायकोवर चिडत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालून खात्याच्या पायऱ्या चढत. आपल्या हातून एक तरी गोष्ट या शहरात लागावी, एवढीच त्यांची इच्छा होती. इच्छा चांगलीच होती, पण चांगल्या इच्छेला घाई झाली की तिच्याइतकं वाईट काही नाही.

त्यांच्याकडे एके दिवशी भैयाजी आले. विणकरपुऱ्यातले जुने विणकर, आयुष्य मागावर गेलेलं. हातात कागदाची पुडी आणि पुडीत बोटभर लांबीचे जांभळे सुती दोरे. टेबलावर पाण्याचा पेला होता, त्यात त्यांनी एक दोरा टाकला आणि पेल्याकडे बोट दाखवलं. शिपायाने चहा आणला. चहा संपेस्तोवर दोऱ्याचा जांभळा रंग उडून तो फिका गुलाबी झाला होता.

“तुमच्या नळाले औषध हाय, साहेब,” भैयाजी म्हणाले. “गॅसचं, किडे मारायचं. औषध असन तं रंग उडते. नसन तं जांभळाच राह्यते. मंग समजाचं, पाणी उकळल्याबिगर पोटात घालू नाई.”

मधुकररावांनी विचारलं, “हे कशावरून सुचलं तुम्हाला?”

भैयाजी पुडीची घडी घालत म्हणाले, “माही सून तारा काविळीनं गेली. आठवा महिना होता. दोघंबी गेले. डॉक्टर म्हणे, पोटुशी बाईले ही पाण्याची कावीळ म्हंजे जिवावरचा खेळ. अन् म्हणे, टाकीतलं औषध बंद पडलं असन. आता बंद पडलं का चालू हाय, हे मले कोन सांगन? नळाले तं तोंड नाई.”

विणकराच्या घरात कच्चा रंग म्हणजे शिवीच. धुतल्यावर रंग गेला तर लुगडं परत येतं आणि चार लोकांत नाक कापलं जातं. भैयाजींनी मात्र सून गेल्यावर हटकून कच्चा रंग शोधला होता. इतवारी बाजारातल्या पुडीचे रंग एकात एक मिसळून, असा रंग की साध्या पाण्यात टिकेल आणि औषधाच्या पाण्यात उडेल. तो सापडेस्तोवर घरातली सगळी भांडी जांभळी झाली होती आणि मैनाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, दोनदा वेगळी चूल मांडायची धमकी दिली होती.

मधुकररावांना हे असं काही मिळेल याची आशाच उरली नव्हती. विजेचा खर्च नाही, काचेच्या नळ्या नाहीत, शिकलेला माणूस नको. खात्यात वामनरावांच्या तोंडून तो प्रश्न यायच्या आतच ते म्हणाले, “एकाच टाकीवर चालवून पाहू. विणकरपुऱ्याच्या. तुमची प्रयोगशाळेची बाटलीही चालू ठेवा. दोन्हीचा मेळ बसला नाही तर मी पुन्हा तोंड दाखवणार नाही.” या शेवटच्या लालचीला वामनराव बधले असावेत.

मेळ बसला. हिवाळाभर भैयाजी स्वतः दोरे रंगवत, ओसरीत दोरीवर वाळवत आणि टाकीवर नेऊन देत. औषध असलं की दोरा फिका, टाकीवरच्या माणसाने मुद्दाम औषधाचं यंत्र बंद ठेवलं की दोरा जांभळा. एकदाही चुकला नाही. वामनरावांना त्याचं नवल वाटलं आणि मग त्यांना तो आपलाच शोध वाटू लागला. खात्यात हे नेहमीचंच.

वस्तू खरी होती, हे मी ठासून सांगतो. पुढे जे झालं त्यावरून लोक भैयाजींना वेडगळ म्हणायला लागले, तेव्हा मला राग यायचा आणि अजूनही येतो.

पुष्पलता ही भैयाजींची एकुलती लेक, उमरेडला दिलेली. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण ताराच्या मरणानंतर मैनाबाई साफ म्हणाल्या होत्या, “तिले तिथंच राहू द्या. या पुऱ्याचं पाणी मले माह्या पोरीच्या पोटात जाऊ द्याचं नाई.” सासरच्यांनाही ते पटलं होतं. उमरेडला त्यांची स्वतःची विहीर होती, तिचं पाणी पिऊन गावात कुणाला काही झालं नव्हतं.

टाकीचा निकाल खात्याच्या कागदावर लागला तो उन्हाळा संपत आल्यावर, आणि भैयाजी स्वतः एसटीने उमरेडला गेले. व्याह्यांसमोर पेला ठेवून दोरा दाखवला. म्हणाले, “आता पाणी मले फसवू शकत नाई. पोरीले मी घेऊन जातो.” व्याही आढेवेढे घेत होते, पण भैयाजींचा चेहराच इतका खुललेला होता की कुणाला नाही म्हणवेना. पुष्पलता आली. सहावा लागत होता.

तोवर मधुकररावांनी दुसरी मोठी उडी मारली होती. नुसती टाकी नाही, पुऱ्यातल्या प्रत्येक घरात दोरे द्यायचे, शेजारच्या दोन टाक्यांवरही द्यायचे, आणि ते पावसाळ्याच्या आत. पावसाळा लागला की गटारं भरतात, नळाला जोर नसला की तेच पाणी फुटक्या जोडांतून आत शिरतं. म्हणून घाई. खात्यातल्या वरच्या साहेबांनाही ते आवडलं. भैयाजी एकटे पुरणार नव्हते, तेव्हा काम पुऱ्यातल्या बायकांना वाटून द्यायचं ठरलं.

भैयाजींनी रंग स्वतः कालवून दिला. किती पाणी, किती पुडी, किती वेळ बुडवायचं, सगळं बायकांना समोर बसवून सांगितलं. मग मधुकरराव त्यांना कधी या साहेबापुढे, कधी त्या सभेत नेऊन उभं करू लागले. कोशाच्या रेशमाचा फेटा बांधलेला विणकर संशोधक म्हटल्यावर साहेबलोकांना कौतुक वाटे. चांगल्या माणसाचं कौतुक करून त्याला कामावरून उठवायचं, यात आपल्याकडचे लोक फार पटाईत आहेत.

मागे मैनाबाई आणि बायका दोरे रंगवत राहिल्या. ओला दोरा वाळला की भुसभुशीत होई, गुंते, कापताना तुटे. शेजारच्या प्रयागबाई म्हणाल्या, “बिनखळीचं सूत हाय वं हे. नागडं. असं साहेबाच्या घरी पाठवाचं का?”

मैनाबाईंनाही तेच खुपत होतं. विणकराच्या घरातून सूत बाहेर जातं ते खळ लावूनच. तांदळाची पेज शिजवायची, गरम गरम पेजेतून सूत काढायचं, ताणून वाळवायचं, म्हणजे ते ताठ आणि तुकतुकीत होतं. आईच्या मांडीवर बसून शिकलेली गोष्ट. नवऱ्याने खळ लावू नका असं सांगितलं नव्हतं, कारण असं सांगावं लागेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. हिवाळ्यात ते मूठमूठ दोरे करत, खळीची गरज पडली नव्हती. मैनाबाईंनी मोठं पातेलं चढवलं. दोरे असे सुरेख निघाले की त्यांनी एक जुडी देवापुढे ठेवली.

आणि घात झाला तो तिथेच. मुळात कच्चाच रंग, गरम पेजेत गेल्याबरोबर सुतातून सुटला आणि खळीत उतरला. वरून दोरा पहिल्यापेक्षा जास्त जांभळा दिसे. पण तो रंग आता सुताचा नव्हता, खळीचा होता, आणि खळ कुठल्याही पाण्यात विरघळते. औषध असो, नसो, विहिरीचं असो की गटाराचं. दोरा टाकला की फिका पडणारच.

कुणी तपासलं नाही. काय तपासणार? दोरा फिका पडतो का, हेच सगळे बघत होते, आणि तो पडत होता.

घरोघरी जुड्या गेल्या. पुऱ्यात सकाळी पाणी आलं की पोरंबाळं पेल्याभोवती जमत आणि दोरा फिका पडला की ओरडत. मधुकरराव एकदा ते बघायला आले आणि त्यांचे डोळे भरून आले. वामनरावांनी प्रयोगशाळेत बाटल्या पाठवणं बंद केलं. म्हणाले, “घराघरात तपासणी होतेय, आता ती बाटल्यांची कटकट कशाला?” टाकीवरच्या माणसाचीही कटकट संपली. पूर्वी तो यंत्राची चकती बघायचा, सिलिंडर हलवून बघायचा. आता सकाळी एक दोरा टाकला की झालं.

टाकीवरचं औषधाचं यंत्र नेमकं कधी बंद पडलं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. पावसाळा लागला होता एवढं खरं.

भैयाजींना पहिल्यांदा काही तरी खटकलं ते दोऱ्याच्या घाईमुळे. ताठ सूत त्यांच्या हाताला जन्माचं ओळखीचं, म्हणून ते खटकलं नव्हतं. हिवाळ्यात चहा होईस्तोवर वेळ लागायचा, आता पाण्यात पडल्या पडल्या रंग सुटत होता. पेल्यातलं पाणीही जरासं जांभळट दिसे. त्यांनी मधुकररावांना विचारलं. मधुकरराव म्हणाले, “म्हणजे औषध भरपूर टाकतात. पावसाळा आहे ना. चांगलंच आहे की.”

“हो, तसंच असन,” भैयाजी म्हणाले. साहेब शिकलेला, आणि ऐकायचं होतं तेच तो बोलला होता.

मग पुष्पलता म्हणाली, “बाबा, पाणी गोड लागून राह्यलं आताशा. आली तवा कसा वास यायचा, मले ओकारीच व्हायची. आता बिलकुल नाई.”

मैनाबाई खूश झाल्या. म्हणाल्या, “पी मंग. भरपूर पी. पोटातल्यालेबी लागते.” आणि पेल्यात दोरा टाकून, तो फिका झालेला दाखवून, त्या तिला दिवसातून कितीदा तरी पाणी देत. पोरीच्या बाबतीत त्यांना ढिलाई चालत नसे. दोरा बघितल्याशिवाय घोट नाही.

भैयाजी त्या दिवशी उगाच बराच वेळ पेल्याकडे बघत बसले. वास कसा गेला, हा प्रश्न त्यांच्या मनात आला होता. पण मागाच्या खोलीत मधुकररावांनी पाठवलेला फोटोग्राफर वाट बघत होता, आणि ते उठले.

पुष्पलताचं जेवण कमी झालं. भाताचा वासही नको म्हणू लागली. दुपारी भिंतीला टेकून डोळे मिटून पडायची. गरोदर बाईचं हे असंच असतं, असं बायका म्हणाल्या. प्रयागबाई म्हणाल्या, “मुलगा हाय, म्हणून छळून राह्यला.” गल्लीतली दोन पोरं तापाने पडली होती, एका म्हाताऱ्याला कावीळ झाल्याचंही कुणी तरी बोललं, पण म्हाताऱ्याला काय, काहीही होतं.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं. त्या दिवशी सकाळीच भैयाजी सायकलने सक्करदऱ्याला गेले, चुलतबहीण सुभद्रा हिला बोलावणं करायला. तिच्या अंगणात विहीर होती, पाण्याला चव होती आणि तिला त्याचा गर्व होता. ती म्हणाली, “तुह्या दोऱ्याचा लय बोभाटा हाय दादा. मले दाखव तं खरं.”

भैयाजींनी खिशातून दोरा काढला. विहिरीचं पाणी पेल्यात घेतलं. सांगू लागले, “हे पाहा, तुह्या विहिरीत औषध नाई. म्हणून हा आता जांभळाच राहीन.”

बोलणं पुरं व्हायच्या आत दोरा फिका पडला.

“विहिरीत औषध टाकलं होतं का वं कोनी?”

“नाई गा. कोन टाकते?”

त्यांनी दुसरा टाकला, तिसरा टाकला. मग चौथा दोरा त्यांनी पाण्यात न टाकता तोंडात धरला आणि दाताखाली दाबला. विणकर सूत तसंच पारखतो. जिभेवर तांदळाची चव उतरली. सुभद्राने काय झालं म्हणून विचारलं. भैयाजी उरलेले दोरे खिशात कोंबू लागले. त्या ताठ दोऱ्याची, देवापुढच्या जुडीची, बायकोच्या खुशीची सगळी संगती एका क्षणात लागली होती. त्यांना मैनाबाईंचा राग आला नाही, भीती वाटली. हे तिला कळलं तर ती जगायची नाही, असं त्यांच्या मनात आलं.

ते तसेच रामदासपेठेत गेले. मधुकररावांच्या टेबलावर पेला ठेवून म्हणाले, “साहेब, दोरे खोटे हायेत. खळ लागली त्याईले. नळ बंद करा, आत्ताच्या आत्ता.”

मधुकररावांनी आधी दार लावून घेतलं. “हळू बोला भैयाजी. पुढच्या आठवड्यात साऱ्या शहरात दोरे द्यायचा ठराव येऊन राहिला. हा लॉट बिघडला असेल, आपण गुपचूप बदलून टाकू. एकदा बोभाटा झाला तर खातं पुढची पन्नास वर्षं कुणा नव्या माणसाला दारात उभं करणार नाही. तुम्हालाही नाही, तुमच्या मागून येणाऱ्यालाही नाही.”

“नाई करू द्या उभं.”

“मी काय म्हणतो, आधी खात्री करू.”

“साहेब,” भैयाजी म्हणाले, “माही पोरगी ते पाणी पिऊन राह्यली. मी आणलं तिले. उमरेडहून, चांगल्या विहिरीवरून उचलून आणलं.”

मधुकररावांनी लावलेलं दार उघडलं. मग त्यांनी फोन उचलला. वामनराव आधी हसले, मग चिडले, मग टाकीवर माणूस पाठवतो म्हणाले. माणसाचा फोन यायला वेळ लागला. भैयाजी उभेच होते. फोन ठेवल्यावर मधुकरराव खाली मान घालून म्हणाले, “सिलिंडर रिकामं आहे. नळीवर गंज चढलाय. बरेच दिवस झाले असतील, म्हणतो.”

भैयाजींनी सायकल कशी हाणली ते त्यांनाच ठाऊक. पुऱ्यात शिरले तेव्हा घरातून गाण्याचा आवाज येत होता. ओसरीत बायकांची गर्दी, मधे पाटावर पुष्पलता, हिरवं लुगडं, केसांत मोगऱ्याच्या वेण्या. बायकांनी तिच्या गालाला, हाताला, पायाला हळद लावली होती. प्रयागबाई कौतुकाने म्हणत होत्या, “पाहा वं, कशी पिवळी धमक झाली पोर. हळद काय चढली तिले!” मैनाबाई लेकीच्या पुढ्यात पेला धरून होत्या.

“पिऊ नको,” भैयाजी ओरडले. गाणं थांबलं. त्यांनी पेला मैनाबाईंच्या हातातून घेतला आणि अंगणात रिकामा केला. बाईमाणसांच्या मधे पुरुष असा शिरलेला पाहून बायकांनी पदर सावरले.

“अवो, असं काय करता?” मैनाबाई म्हणाल्या. “दोरा पाह्यला म्या. फिका झाला होता.”

भैयाजी लेकीपुढे खाली बसले. ती थकलेलं हसली. उन्हाची तिरीप तिच्या तोंडावर आली होती. त्यांनी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि डोळ्यांत पाहिलं. जन्मभर रंग पारखलेली नजर, तरी त्या नजरेवर विश्वास ठेवायला ते तयार होईनात. खांद्यावरचा पंचा त्यांनी तोंडाने ओला केला आणि तिच्या गालावरून फिरवला. पंचाला हळद लागली. दुसरी बाजू घेऊन पुन्हा पुसलं. या वेळी पंचा कोराच राहिला आणि गाल होता तसाच पिवळा होता.

“बाबा, काय पाहून राह्यले?” पुष्पलता म्हणाली.

भैयाजींनी मागे न बघता मुलाला हाक मारली, “ईश्वरदास, रिक्षा आण. दवाखान्यात जाचं हाय.”

“आत्ता?” मैनाबाई गोंधळून म्हणाल्या. त्यांच्या हातात नारळ आणि तांदूळ तयार होते. “आत्ता काहून? ओटी भराची राह्यली ना अजून.”